दोन फर्मे आणि चार पानं

मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर भाचीनं जाहीर केलं, "मला प्रकाशनात जायचंय." भाऊजींनी विचारलं, "म्हणजे लग्नपत्रिका छापणार?"

कॉलेज ठरवायला घरात बैठक बसली. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट ताईला पसंत, कारण डबा गरम पोचतो. मुंबईच्या झेवियर कम्युनिकेशनचं नाव मोठं, पण तिथल्या भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट त्याहून मोठं. लवळ्याच्या टेकडीवरच्या सिंबायोसिसची फी ऐकून भाऊजींनी चष्मा पुसून पुन्हा घातला. आकडा तोच होता. अमरावतीला आयआयएमसीचं केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारिता शिकवतात, असं मी म्हटलं, तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. पुण्याहून शिकायला बाहेर जायचं ते अमेरिकेला, अशी आमच्याकडे समजूत आहे.

मग अप्पांनी इतिहास काढला. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवायचे. टिळकही गणिताचेच. "तेव्हा हिला आधी बी.एस्सी. करू दे."

"अप्पा, 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. त्यांचा विषय इतिहास आणि तत्त्वज्ञान."

"म्हणून तर १८८८ला वेगळा 'सुधारक' काढावा लागला!"

माझं मत कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. बातमीदारी वर्गात बरीचशी शिकता येते. पुस्तकाचा धंदा अप्पा बळवंत चौकात. विक्रेत्याला कमिशन किती सोडायचं, परत आलेले गठ्ठे कुणाच्या पलंगाखाली सरकवायचे, आणि तीनशे कविता घेऊन आलेल्या निवृत्त गृहस्थांना चहा पाजून, न दुखावता जिना कसा उतरवायचा, हे कुठल्या पेपरला येणार?

भाची सुट्टीत तिथल्याच एका डीटीपीवाल्याकडे बसायची, त्यामुळे तिची परीक्षा निराळी. एका कॉलेजची माहितीपुस्तिका आली. आम्ही झाडाखाली लॅपटॉपकडे बघून हसणारी मुलं पाहत होतो. तिनं आधी कागद चिमटीत धरला, मग पिना पाहिल्या, मग पानं मोजली.

"छत्तीस. म्हणजे सोळाचे दोन फर्मे आणि वर चार पानं. चार पानं कोरी सोडायची नाहीत, म्हणून प्राचार्यांचं मनोगत ताणलंय."

मनोगत खरंच चार पानांचं होतं. तिनं लाल पेन काढलं. 'विद्यार्थीनी'तली दुसरी वेलांटी पहिली झाली. 'उज्वल भविष्य' तीनदा होतं. तिन्ही ठिकाणी समासात एकेक 'ज' वाढला. संपादन विभागाच्या पानावर तर शाई इतकी सांडली, की भाऊजी म्हणाले, "अगं, प्रवेश घ्यायचाय, पेपर नाही तपासायचा!"

तिनं पुस्तिका तशीच कॉलेजला पोस्टानं धाडली. प्रवेशाच्या चौकशीसाठी आम्ही आठवडाभर फोन करत होतो, तेव्हा नुसती सनई वाजायची. पुस्तिका पोचली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचाच फोन. स्पीकर लावून सगळे कान देऊन बसलो.

"पुढच्या वर्षीचं प्रूफही मॅडम बघतील का? पानाला काय घेतात?"

भाचीनं तोंड उघडायच्या आत भाऊजी पुढं झुकले.

"ते फीतून वळतं करता येईल का, एवढं बघून सांगा."