पाथरी प्रकरण : एक अपूर्ण तपास

अभिजात इंग्रजी रहस्यकथा, म्हणजे दोन महायुद्धांच्या दरम्यान बहरलेली आणि एका लहानशा गावात एक खून व प्रत्येक घरात एक गुपित अशा बेताने रचलेली कादंबरी, वाचकाला धरून ठेवते ती खुनामुळे नव्हे, तर शेवटच्या प्रकरणात सर्व संशयितांना दिवाणखान्यात बसवून पै-पैचा हिशेब चुकता होणार, या हमीमुळे. 1929 साली रोनाल्ड नॉक्स यांनी या लेखनासाठी दहा नियम सांगितले आणि स्वतः धर्मगुरू असूनही दुसऱ्याच नियमात दैवी शक्तीला उंबऱ्याबाहेर ठेवले.

परभणी जिल्ह्यातील पाथरीने या नियमांची पंचाईत केली आहे. शिर्डीचे साईबाबा मूळचे कोठले, या येथील रहस्यात खून नाही आणि आरोपीही नाही. उलट सगळा संशय आपल्यावरच यावा, अशी गावाची मनापासून इच्छा आहे. आपण पाथरीचे ब्राह्मण असून लहानपणी एका फकिराच्या स्वाधीन केले गेलो, असे बाबांनी आपले भक्त म्हाळसापती यांना सांगितल्याची नोंद नरसिंहस्वामींनी लिहिलेल्या बाबांच्या चरित्रात आहे. हा धागा धरून साईचरित्राचे अभ्यासक विश्वास खेर 1970 च्या दशकात पाथरीत आले आणि वगळत जाण्याच्या पद्धतीने, म्हणजे जे जुळत नाही ते बाजूला सारून उरेल त्यावर बोट ठेवण्याच्या होम्सप्रणीत रीतीने, त्यांनी ब्राह्मण घराण्यांच्या कुलदैवतांची चौकशी केली. बहुतेकांचे दैवत अंबाजोगाईची योगेश्वरी किंवा माहूरची रेणुका निघाले, भुसारी घराण्याचे मात्र मारुती. आणि मारुतीवर बाबांचीही भक्ती होती. नॉक्स यांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेला देव येथे थेट पुरावा म्हणून दाखल झाला, यावर लंडनच्या रहस्यकथाकारांनी तातडीची बैठक बोलावली असती.

शेवटचे प्रकरण मात्र लिहिले गेले नाही. जानेवारी 2020 मध्ये पाथरीच्या विकासासाठी 100 कोटींची घोषणा होताच, बाबांनी आपले जन्मस्थान, जात वा धर्म कधी सांगितलाच नाही, असे म्हणत शिर्डीने 19 तारखेला बंद पाळला. मंदिर तेवढे उघडे होते.

मुळाचा वाद पाथरीला नवाही नाही. अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकाचे वडील पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातले, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. हे वडिलोपार्जित गाव आपल्याला मिळावे, असा त्या संस्थापकाचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा याचा आग्रह होता आणि वऱ्हाडचा इमादशहा ते देईना. तेव्हा साक्षीपुराव्यांच्या भानगडीत न पडता निजामशहाने 1518 मध्ये फौज पाठवून प्रकरण निकालात काढले.