डावा पाय रिकामा

गाडी माझी नाही, हे मी वाटेत कुणालाच सांगितलं नाही. खोटंही बोललो नाही. पंपावर एखादा म्हणायचा, "काय झकास गाडी आहे!" मी म्हणायचो, "थँक यू." थँक यू म्हटल्याने मालकी सिद्ध होत नाही, एवढा कायदा मला कळत होता.

साल 1992, नोव्हेंबर. थंडी पडू लागली की अमेरिकेच्या ईशान्येकडची निवृत्त मंडळी फ्लोरिडा-ॲरिझोनाकडे सरकतात. तेव्हा ती विमानाने जायची आणि त्यांच्या गाड्या मागून माझ्यासारखे कफल्लक विद्यार्थी पोचवायचे. गाड्या सोपवणाऱ्या कंपनीकडे अनामत ठेवायची, वय 23 पूर्ण हवं, पहिली टाकी फुकट, पुढचं पेट्रोल आपलं, दिवसाला साधारण 400 मैलांच्या हिशेबाने मुदत, आणि वाटेत कुणाला गाडीत घ्यायचं नाही. मला मिळाली न्यू जर्सीहून ॲरिझोनातल्या सन सिटीला जाणारी कॅडिलॅक ब्रूहॅम. लांबी 18 फुटांच्या वर, आत मखमल. शनिवार पेठेतल्या आमच्या बोळात ती शिरली असती. पण मग दूधवाला आला नसता.

मला गाडी येते. नुसती येत नाही; पुढे एसटी, मागे उसाचा ट्रक अशा अवस्थेत कात्रजच्या चढावर काकांची फियाट अर्ध्या क्लचवर तोलून धरलेला माणूस आहे मी. त्यामुळे कंपनीतल्या बाईंनी "ऑटोमॅटिक चालवता येते ना?" असं विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. विमान चालवणाऱ्याला पतंगाबद्दल विचारावं तसं.

ब्रूहॅमच्या गियरचा दांडा फियाटसारखा स्टिअरिंगलाच होता. हाताला माहेरी आल्यासारखं वाटलं. फसला तो पाय. पेनसिल्व्हेनियात टोलनाका दिसला आणि डाव्या पायाने संस्कारांनुसार क्लच दाबला. क्लच नव्हताच. त्याच्या शेजारी पाटाएवढा रुंद ब्रेक होता, तो सापडला. गाडीने नाक जमिनीला टेकवलं आणि शेजारच्या सीटवरचा चिवड्याचा डबा उघडून मखमलीवर सांडला. पुढचे दोन हजार मैल मी त्या मखमलीतून शेंगदाणे वेचत होतो.

या डाव्या पायाबद्दल थोडं बोलायला हवं. अर्धी अमेरिका त्याचाच विचार करण्यात गेली. उजवा पाय कामावर, हात कामावर, डोळे कामावर, आणि हा एकटा सेवानिवृत्त. ओहायोपर्यंत तो पेन्शनीत निघालेल्या हेडक्लार्कसारखा सकाळी वेळेवर जागेवर हजर होऊन बसायचा. इंडियानात तो उगाच ताल धरू लागला. मिसुरीत मी त्याला सरळ वर घेतला आणि ट्रक ड्रायव्हरसारखी अर्धी मांडी घातली. त्याला मुंग्या आल्या. त्याच्या वाट्याला एकच काम उरलं होतं. या गाडीचा हँडब्रेक पायाने लावायचा असतो, तोही डाव्या! रोज रात्री मोटेलसमोर गाडी उभी केली की दिवसभर तुंबलेला तो पाय हँडब्रेकवर असा काही जोर काढायचा, की मलाच त्याची दया यायची. क्रूझ कंट्रोल लावल्यावर तर उजवाही घरी बसला. टेक्ससमध्ये आम्ही तिघेही खिडकीबाहेर बघत होतो.

बघायला तिथे काय, तर अमरिलोच्या पश्चिमेला, एका शेतात, दहा कॅडिलॅक नाकावर उभ्या पुरलेल्या. 1974 मध्ये कुणा कलावंतांनी ही शेती केली. 1949 ते 1963 पर्यंतची मॉडेलं, शेपट्या आभाळात, अंगभर लोकांनी रंगवलेली नावं. (शहर वाढत आलं म्हणून पुढे 1997 मध्ये ती सगळी उपटून दोन मैल पलीकडे पुन्हा पुरली. अमेरिकेत पुनर्वसन होतं ते असं.) एका प्रवाशाला विनंती करून मी फोटो काढून घेतला: मागे त्या दहा, पुढे अकरावी, तिच्या बॉनेटला टेकलेला मी. तो घरी पाठवला. पाठीमागे गाडीबद्दल काहीच लिहिलं नाही. त्या फोटोवर दोन स्थळं आली, असं नंतर कळलं.

चिवडा पुसायला फडकं शोधताना समोरच्या कप्प्यात एक वही मिळाली होती. तारीख, मैल, गॅलन, ॲव्हरेज असे आखलेले रकाने. मला हसू फुटलं, कारण बाबांच्या चेतकच्या डिकीत हीच वही होती, फक्त लिटरमध्ये. मी स्कूटर नेली की बाबा काही विचारायचे नाहीत, रविवारी वही बघायचे आणि म्हणायचे, "गुरुवारी दामटलीस."

या वहीत अक्षरं दोन होती. एक तिरकं, घाईचं. एक गोल, शाळेतल्या बाईंसारखं. तो पेट्रोल भरत असणार आणि ती लिहीत असणार. गेल्या मार्चनंतर गोल अक्षर नव्हतं. मी शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिथे माझा चिवडा होता.

त्या रात्रीपासून मी वही लिहू लागलो. ॲव्हरेजचा रकाना तेवढा कोरा ठेवला, कारण ओक्लाहोमात मी जरा राजा झालो होतो.

घाट आला तो शेवटच्या दिवशी. फ्लॅगस्टाफ 7,000 फुटांवर, फिनिक्स जेमतेम अकराशेवर. ज्याची पाच दिवस वाट पाहिली तो उतार आला, आणि माझ्याकडे क्लचच नव्हता. ब्रेकचा वास नाकात घेऊन, मी कात्रजचा वाघ, खाली उतरलो.

सन सिटी म्हणजे 1960 मध्ये खास म्हाताऱ्यांसाठी वसवलेलं गाव. रस्त्यावर गोल्फच्या गाड्या, आवारात गवताऐवजी खडी. गाडीचे मालक, एक आजोबा, दारातच उभे होते. ते गाडीभोवती फिरले नाहीत, ओरखडे शोधले नाहीत. शेजारच्या सीटवर बसले, कप्पा उघडला, वही काढली. त्यातून कढीपत्त्याचं वाळलेलं पान पडलं. त्यांनी ते उचललं, हुंगलं आणि परत त्याच पानात ठेवलं.

मग बराच वेळ ते माझं अक्षर बघत राहिले.

"या वहीप्रमाणे," ते शेवटी म्हणाले, "तू पाच महिने येत होतास." मी आपल्या पद्धतीने 3/11, 4/11 असं 7/11 पर्यंत लिहिलं होतं. त्यांच्या वाचनात मी मार्च ते जुलै दर महिन्याच्या 11 तारखेला एकदा पेट्रोल भरत, रमतगमत आलो होतो. त्यांनी खिशातून पेन काढलं, पाचही तारखा उलट्या केल्या, आणि तोंडाने पुटपुटत ॲव्हरेजचा रकाना भरायला घेतला. 20.3. 20.6. 16.8. पेन थांबलं.

"ओक्लाहोमात घाई होती?"

मी बुटांकडे बघितलं. डावा बूट उजव्यापेक्षा नवा दिसत होता.

दोन महिन्यांनी बाबांचं पत्र आलं. आईला मी कळवलं होतं की गाडी लिटरला साडेआठ देते. "चि., अ. उ. आ. साडेआठ वाचून धक्का बसला. विकून टाक."