आखाडा कोण ठरवणार?

कुस्ती लागली की सगळे पैलवानांकडे बघतात. मातीकडे कोण बघतं? ज्याची पाठ तिला लागते, तो.

व्हिडिओ गेममधल्या झुंजीचंही तसंच. दोन खेळाडू, दोन कंट्रोलर, पडद्यावर दोन लढवय्ये आणि त्यांच्या पायाखाली एक स्टेज. चर्चा झडतात त्या लढवय्यांवर, पोस्टरवर चेहरे त्यांचेच. पण मोठ्या स्पर्धांत पहिला वाद पेटतो तो स्टेजवरून. कोणती चालणार, कोणती नाही? आणि ‘नाही’ म्हणायचा अधिकार कोणाचा?

‘पोरांचा गेम तो, त्यात मैदानाचं काय एवढं?’

असं म्हणणाऱ्यांनी जामठा आठवावा. नोव्हेंबर २०१५. नागपूरच्या त्या मैदानावर भारत-दक्षिण आफ्रिका कसोटी तीन दिवसांत आटोपली. पाहुणे पहिल्या डावात ७९ धावांत गारद. आपण जिंकलो, खूश झालो. आयसीसीने मात्र खेळपट्टीला निकृष्ट ठरवून ताकीद दिली. त्याआधी डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीच्या कोटलावर श्रीलंकेविरुद्धचा एकदिवसीय सामना अर्ध्यात सोडावा लागला, कारण चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नव्हता. कोटलावर वर्षभराची बंदी आली. तेव्हा कुणी म्हणालं का, ‘मैदानाचं काय एवढं?’

इतक्या लांब जायचं नसेल, तर शंकरपटाकडे, म्हणजे बैलांच्या शर्यतीकडे या. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, पट भरला म्हटलं की माणसं हातातलं काम टाकून निघतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, नियम केले. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्या नियमांच्या अटीवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा उचलून धरला. परवानगी सगळ्यांच्या लक्षात राहिली. धावपट्टीबद्दल नियम काय सांगतात, ते किती जणांनी वाचलं?

लांबी हजार मीटरपेक्षा जास्त नको. मोठा उतार नको. दगडधोंडे नको, चिखल नको, दलदल नको. रस्ता आणि महामार्ग तर नकोच. म्हणजे शर्यत चालेल, पण वाट्टेल तिथे नाही. स्टेजवर बंदी म्हणतात ती हीच. आपल्याकडे ती सरकारने छापून दिली आहे.

आता पडद्याकडे वळू. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा निन्टेन्डोचा २००१ सालचा गेम. त्यानंतर कन्सोलच्या किती पिढ्या आल्या-गेल्या, पण याच्या स्पर्धा अजून भरतात. गेममध्ये स्टेज २९. स्पर्धेत आज चालतात सहा.

बाकीच्या २३ जणींनी काय गुन्हा केला?

त्यातली सगळ्यात बदनाम बघा, हायरूल टेम्पल. अवाढव्य मंदिर, वर मजले, खाली भुयार, मध्ये गोल फिरायला मोकळी वाट. वेगवान लढवय्या निवडायचा, समोरच्याला एक फटका द्यायचा आणि पळत सुटायचं. तो मागे, तुम्ही पुढे, मंदिराला प्रदक्षिणा. घड्याळ आठ मिनिटांचं. वेळ संपली आणि दोघांचे जीव सारखे उरले असतील, तर ज्याच्या अंगावर कमी मार तो विजयी. एका फटक्यावर अख्खा सामना. भुयारात तर आणखी वाईट. जोराने हाणलेला लढवय्या बाहेर फेकला जायचा, तो छताला आपटून आतच राहतो. संपायला हवा तो संपत नाही.

यात कौशल्य नाही का? आहे. पळण्याचं.

ब्रिनस्टार नावाच्या स्टेजवर खालून आम्ल चढत येतं. ओनेटच्या रस्त्यावर भरधाव गाड्या येतात, म्यूट सिटीत शर्यतीच्या मोटारी अंगावरून जातात. वर्षानुवर्षं बोटं घासून तयार झालेला खेळाडू ऐन मोक्याला मोटारीखाली आला, तर जिंकलं कोण? मोटार.

मग ठरलेला युक्तिवाद येतो. बनवणाऱ्यानेच ठेवलंय ना त्यात, मग खेळा की! मुकाट्याने खेळावं, तक्रार कसली?

बनवणाऱ्याने तो गेम चौघांनी एका सतरंजीवर बसून धिंगाणा घालावा म्हणून बनवला. त्या धिंगाण्यात गाड्या हव्यातच, आम्लही हवं. गल्लीत ‘एक टप्पा आउट’ चालतो आणि चालायलाच हवा. रणजी सामन्यात चालेल का?

आणि बनवणारे स्वतःही चुकतात. टेकन या झुंजीच्या गेमचंच घ्या. टेकन ३ मध्ये जमीन सपाट, मैदान चहूबाजूंनी अमर्याद. टेकन ४ मध्ये भिंती आल्या, त्यासोबत उंचसखल जमीनही आली. भिंती खेळाडूंनी स्वीकारल्या, पुढे त्यांच्यावर डावपेच रचले. उंचसखल जमीन मात्र टेकन ५ मध्ये पुन्हा सपाट झाली. कंपनीने स्वतःच्याच आखाड्यावर नांगर फिरवला. मग खेळाडूंनी ‘हा आखाडा नको’ म्हटलं, तर त्यात एवढं काय बिघडलं?

ज्यांचं बालपण गेम पार्लरमध्ये गेलं, त्यांना बंदी काही नवी नाही. टेकन ३ मध्ये ‘एडी घ्यायचा नाही’ हा अलिखित कायदा होता. नुसती बटणं बडवूनही एडी हा लढवय्या लाथांचा पाऊस पाडायचा, घासून शिकलेला पोरगा बघत राहायचा. कायदा कोणी केला? खेळणाऱ्यांनी. का केला? चारचौघांना पटला म्हणून. मोडला तर? पुढच्या वेळी तुमच्याशी कोणी खेळत नसे.

एवढी साधी लोकशाही मोठ्या स्पर्धांना जमते का? मेलीवाल्यांना जमली. ते करतात काय, ते नीट बघण्यासारखं आहे.

लढतीतल्या पहिल्या सामन्यासाठी पाच स्टेज ठेवतात. कोण आधी खोडणार ते दगड-कागद-कात्रीवर ठरतं. पहिला एक खोडतो. दुसरा दोन खोडतो. उरलेल्या दोनांतली एक पुन्हा पहिला खोडतो. राहिली ती स्टेज. एकाने दोन खोडल्या, दुसऱ्यानेही दोनच. हिशोब बरोबर.

खोडताना डोकं लागतं. समोरच्याने मार्थ नावाचा लढवय्या घेतला असेल आणि आपला फॉक्स असेल, तर ‘फायनल डेस्टिनेशन’ आधी उडवायची. तिथे सपाट जमीन, वर चढायला फळ्या नाहीत. मार्थने एकदा पकडलं की वर फेकायचं, खाली येताच पुन्हा पकडायचं. फॉक्सला सुटायला आधारच नाही. खोडण्याची ही दोन मिनिटं सामन्याआधीची नव्हेत, सामन्यातलीच आहेत.

दुसऱ्या सामन्याला जिंकलेला एक स्टेज बाद करतो आणि हरलेला उरलेल्यांतून निवडतो. हरलेल्याने निवडायचं! आपल्याकडे हरलेल्याला विचारतं कोण? त्यात आणखी एक अट: ज्या स्टेजवर तुम्ही याच लढतीत जिंकलात, तिथे समोरच्याला पुन्हा ओढायचं नाही. घरचं मैदान एकदाच.

या सगळ्यात आयोजक कुठे आहे? यादी लावून तो बाजूला झाला. नकाराचा अधिकार त्या दोघांकडे, जे लढणार आहेत.

प्रत्येक गेमला हे जमणार नाही, हेही खरं. स्ट्रीट फायटरमध्ये स्टेज म्हणजे मागचा पडदा. तिथे ना गाडी येते, ना जमीन हलते. तरी खेळाडू साध्या चौकटींच्या, सरावाच्या स्टेजवर खेळायला बघतात. का? गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो आणि एकेका चित्राच्या फरकाने डाव साधतो किंवा फसतो. मागे गर्दी नाचत असेल, पडदा भडक असेल किंवा देखाव्याच्या ओझ्याने यंत्र अडखळत असेल, तर बोट चुकतं. प्रेक्षकांना मात्र देखावा हवा असतो, प्रायोजकांनाही. माझं मत विचाराल तर डोळ्यांना त्रास म्हणून बंदी नको, यंत्र अडखळतं म्हणून बंदी हवी. पहिलं सवयीने जातं. दुसरं सवयीने जात नाही.

आता खेळाडूंचे कान धरायचे. कारण बंदीची चटक लागते.

‘स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ डिसेंबर २०१८ मध्ये आला. पहिल्याच दिवशी शंभराहून जास्त स्टेज. त्यात स्टेजवरचे धोके बंद करायचं बटण दिलं आहे. जवळपास प्रत्येक स्टेजचं सपाट रूपही दिलं आहे. तरीही स्पर्धेच्या यादीत राहतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गाड्या नाहीत, आम्ल नाही, तरी नको? मग त्यांतल्या कित्येकींच्या बाबतीत कारण एकच उरतं. तिथे सराव नाही.

सराव नाही, हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. खाशाबा जाधवांना विचारायला हवं होतं. मातीत घडलेला हा पैलवान १९४८ मध्ये लंडनला गेला आणि तिथे गादीवर उभा राहिला. सहावा आला. गादीवर बंदी घाला, असं म्हणाला नाही. गादीची कुस्ती शिकला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आला. पायाखालची जमीन बदलली की खेळ बदलतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल? पण ती गादी दोघांनाही सारखीच होती. ती कुणाला गाडीखाली घेत नव्हती.

फरक एवढाच बघायचा. जमीन अवघड आहे की अन्यायी? अवघड असेल तर शिका. अन्यायी असेल तर खोडा.

महाराष्ट्र केसरीने माती आणि गादी दोन्ही ठेवल्या, दोन गट केले. कबड्डीत मध्यंतरानंतर बाजू बदलतात. उतार असो, ऊन असो, दिव्याचा झोत असो, दोघांच्या वाट्याला येतो. हे शहाणपण आपल्या खेळांत मुरलेलं आहे. मग तालुक्याच्या गावी गेमची स्पर्धा भरली की ते कुठे जातं?

पत्रक बघा. वर प्रमुख पाहुण्यांचे फोटो, मध्ये बक्षिसाचा आकडा, खाली प्रवेश फी आणि तळाला एकच नियम: ‘आयोजकांचा निर्णय अंतिम राहील.’ गेम कोणता, एवढं कळतं. नकाशा कोणता, स्टेज कोणत्या, फोन कोणते, नेट तुटलं तर काय? सकाळी आल्यावर सांगू. पाच तास सराव केलेल्या पोराला सकाळी नऊ वाजता कळतं की त्याची स्टेज बाद. का बाद? अंतिम राहील.

एका ओळीच्या या हुकमाला नियम म्हणायचं?

हा पोरखेळ आता राहिलेला नाही, हे तर सरकारनेच सांगितलं. डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैशांच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळं काढून मान्यता दिली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, स्ट्रीट फायटर ५ पदकाचा खेळ होता. भारताचे मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले. सुवर्ण नेलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वय ४४. पोरांचा गेम म्हणणाऱ्यांनी वय पुन्हा वाचावं. २०२६ च्या आइची-नागोया स्पर्धेसाठी स्ट्रीट फायटर ६, टेकन ८ आणि किंग ऑफ फायटर्स १५ यांची निवड झाली आहे.

खामगाव-मलकापूरचा, चिखली-मेहकरचा मुलगा तिथे का पोचू नये? यंत्र महाग, नेट लहरी, घरचे नाराज, हे अडथळे आहेतच. आयोजकाने त्यात आपला एक का घालावा?

खर्च काही नाही. पुढचं पत्रक छापाल तेव्हा एका पाहुण्याचा फोटो कमी करा. त्या जागेत लिहा: कोणत्या स्टेज चालतील, कोणत्या नाहीत, कोणत्या कारणाने. उरलेल्यांतून खोडायचं काम त्या दोन पोरांवर सोडा. आणि हे पत्रक स्पर्धेच्या महिनाभर आधी वाटा, सकाळी नऊला नको.