इंडिगोचा खिजमतगार

अमेरिकेत साप पाळणाऱ्यांची एक स्वतंत्र जात आहे. तिच्यात पुन्हा पोटजाती आहेत, आणि श्रेष्ठकनिष्ठतेच्या प्रश्नावर त्या आपल्याकडील कोणत्याही पोटजातीइतक्याच हळव्या आहेत. आफ्रिकेतील आखूड अजगर पाळणाऱ्यांची वस्ती मोठी. कॉर्न स्नेक पाळणारे साधे, पापभीरू. विषारी साप पाळणाऱ्यांशी त्यांचे सोयरेही अंतर राखून वागतात. परंतु या सर्वांच्या शिरोभागी, कोणाचीही सनद नसताना केवळ स्वतःच्या हुकमाने जो स्थानापन्न झालेला असतो, तो इंडिगो पाळणारा.

त्याच्या दैवताचे वर्णन आधी केले पाहिजे, कारण तो स्वतःची ओळखही त्याच क्रमाने करून देतो. फ्लॉरिडा आणि दक्षिण जॉर्जिया येथील रेताड पाइनवनांत, गोफर नावाच्या कासवांनी खणलेल्या बिळांत आयते बिऱ्हाड करून हिवाळा काढणारा हा साप अमेरिकेतील देशी सापांत सर्वांत लांब. अडीच मीटरांपर्यंत वाढणारा, निळसर झाक असलेला काळाभोर, हनुवटीखाली बहुधा तांबूस छटा असलेला, आणि संपूर्णपणे बिनविषारी. विषाची उणीव त्याला जाणवत नाही. वेटोळे घालून आवळण्याची अजगरी कला अंगी नसली तरी केवळ जबड्याच्या बळावर तो उंदीर, बेडूक, पक्षी आणि मासे यांच्याबरोबरच प्रत्यक्ष रॅटलस्नेकलाही गिळंकृत करतो. हे शेवटचे वाक्य उच्चारताना इंडिगोवाल्याची छाती अशी काही फुगते की, तो रॅटलस्नेक आपणच गिळला असावा, असा ऐकणाऱ्याचा समज व्हावा.

ओहायो राज्यात माझ्या पुतण्याच्या शेजारी असा एक गृहस्थ राहत असे, आणि त्याच्या सहवासात मला या वर्गाची लक्षणे सावकाश न्याहाळता आली. पहिले लक्षण म्हणजे इतर सापांविषयी तुच्छता. अजगराचा विषय निघताच, तो पाळणे म्हणजे घरात पाटावरवंटा आणून त्याला नाव ठेवण्यासारखे आहे, अशा अर्थाचे काही तरी तो बोले. इंडिगो दिवसा जागा असतो, मान उंचावून खोलीत शिरणाऱ्याकडे पाहतो, पेटाऱ्यात येरझाऱ्या घालतो. यावरून तो बुद्धिमान आहे, आणि ज्या अर्थी त्याची बुद्धी आपल्याला कळली, त्या अर्थी आपणही सामान्य नाही, हा त्याच्या तर्कशास्त्राचा सारांश. साप आपल्याला ओळखतो, असे तो शपथेवर सांगे. उंदीर देणाऱ्या हाताला ओळखण्यास किती बुद्धी लागते, हा प्रश्न मी त्याच्या घरी चहा घेत असल्यामुळे विचारला नाही.

दुसरे लक्षण कायद्याचे ज्ञान. १९७८ साली केंद्र सरकारने या सापाची संकटग्रस्त जीवांच्या यादीत नोंद केली, आणि तेव्हापासून राज्याच्या सीमेपलीकडे त्याची खरेदीविक्री करावयाची तर वन्यजीव खात्याचा परवाना लागतो; नजराणा म्हणून द्यावयाचा झाल्यास मात्र हा नियम आड येत नाही. खुद्द जॉर्जियात तर देशी बिनविषारी साप घरात बाळगण्याचीच बंदी आहे. नजराण्याच्या त्या मोकळिकीमुळे एरवी स्वतःच्या भावाला छत्री उसनी न देणारी ही माणसे परस्परांना साप देताना कर्णासारखी उदार होतात, असे मला दिसून आले. माझ्या या गृहस्थाने अर्ज, दाखले आणि पत्रव्यवहार यांचे जे दफ्तर जमविले होते, ते पाहून आपल्याकडील एखाद्या जुन्या चिटणिसाने त्याला आपल्या हाताखाली घेतले असते.

दफ्तरात सर्वांत जाड बाड खतावणीचे. इंडिगोचा जठराग्नी प्रखर. अजगर एका जेवणावर दिवसचे दिवस काढतो, तर यांना आठवड्यातून अनेकदा पान मांडावे लागते, आणि पान मांडले की त्याचे परिणामही तितक्याच तत्परतेने, विपुलतेने आणि दुर्गंधाने प्राप्त होतात. म्हणून खतावणीत रकाने पाडलेले : तारीख, भक्ष्य, वजन, कात, विष्ठा. फ्रीजरमध्ये उजव्या बाजूला मुलांचे आइस्क्रीम, डाव्या बाजूला उंदीर, लावे आणि ट्राउट मासे, आणि मधोमध त्याच्या पत्नीने स्वहस्ते बसविलेली पुठ्ठ्याची सरहद्द.

एकदा त्याने ते जनावर माझ्या हातावर ठेवले. त्याचे खवले घोटलेल्या काळ्या दगडासारखे गुळगुळीत होते, आणि उजेडाकडे वळताच त्यांवर निळ्याजांभळ्या लाटा सरकल्या. मनगटावरून जाताना आतल्या स्नायूंची हालचाल एकामागून एक जाणवत होती, आणि जीभ माझ्या घड्याळाची बारकाईने चौकशी करीत होती. मी प्रशंसेसाठी योग्य विशेषण शोधीत असतानाच महाराज यजमानाच्या खांद्यावर गेले, आणि त्यांनी त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर आपले देहकृत्य उरकले. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. हा प्रथम भिंतीवरील घड्याळाकडे पाहू लागला, मग सदऱ्याकडे, आणि ‘उत्तम, अगदी वेळेवर’ असे म्हणून, सदरा न बदलताच, खतावणीकडे वळला.

हिवाळ्यात त्याची झोप उडे, कारण तोच यांचा विवाहकाल. वधूवरांना एका पेटाऱ्यात सोडावयाचे, आणि दोघेही सर्पभक्षक कुळातले असल्यामुळे एकाने दुसऱ्याचा घास करू नये म्हणून हातात लोखंडी आकडी घेऊन, वरपित्याच्या आणि फौजदाराच्या संमिश्र मुद्रेने, तासन्‌तास उभे राहावयाचे. इतके करूनही वसंतात घातलेली अंडी पुष्कळदा पोकळ निघत. त्या आठवड्यात त्याच्या घरी कोणी मोठ्याने हसत नसे. उलट, अलाबामातील कोनेकू अरण्यात २०१० पासून हे साप पुन्हा सोडण्यात येत आहेत आणि २०२२ साली तेथे रानातच जन्मलेले एक पिल्लू सापडले, हे वर्तमान कळताच त्याने गल्लीभर केक वाटला. त्या उपक्रमाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

आमच्याकडे धामण नावाचा असाच लांबलचक, बिनविषारी, उंदीरभक्षक साप शेतोशेती असतो, असे मी बोलून गेलो, आणि त्याने ताबडतोब पेन्सिल उचलली. ती गाईच्या पायांना वेढे घालून दूध पिते, अशी लोकसमजूत आहे, हे ऐकून तो धर्मनिंदा कानी पडल्यासारखा कळवळला. आणि आमच्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य साप घरी बाळगण्यास मनाई आहे, हे ऐकल्यावर, परवाना कोणत्या कचेरीत मिळतो, हे त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारून पाहिले.

त्याने घेतलेली एकुलती एक रजा माझ्या स्मरणात आहे. रानातला इंडिगो याचि डोळा पाहावा म्हणून तो फ्लॉरिडास गेला, कासवांच्या बिळांपुढे गुडघे टेकून आठवडाभर हिंडला, आणि त्याला कासवेच तेवढी दिसली. घरी मात्र रोज रात्री नियमाने त्याचा फोन येई, आणि पहिला प्रश्न असे, ‘जेवण झाले का?’ पहिल्या दिवशी त्याच्या पत्नीने आपण काय रांधले आणि काय उरले, हे भाबडेपणाने सविस्तर सांगितले. दुसऱ्या दिवसापासून ती फोन उचलण्यापूर्वी खतावणी उघडून बसू लागली.