हरवलेली मालिका शोधण्याची रीत (नाशिक विभागासाठी)

जुन्या चित्रपटांवरची जुनी दूरदर्शन मालिका दोनदा हरवलेली असते. पहिल्यांदा ती प्रसारण संपल्यावर हरवते. दुसऱ्यांदा ती पाहणाऱ्याच्या डोक्यात हरवते, आणि तिथे सुरुवातीची धून, निवेदकाचा चष्मा आणि घोड्यावरून जाणारी एक कृष्णधवल नटी एवढाच ऐवज शिल्लक राहतो. या ऐवजावरून मूळ मालिकेपर्यंत पोहोचण्याच्या कामाला शोध म्हणतात. तो साधारणपणे निवृत्तीनंतर सुरू होतो आणि घरच्यांच्या मते त्याला काही अर्थ नसतो. पुढील रीत नाशिक शहर गृहीत धरून दिली आहे. इतर जिल्ह्यांतील शोधकांनी नदी आणि बाजाराचा वार बदलून घ्यावा.

आरंभ जबाब नोंदवण्यापासून करावा. शोधकाने स्वतःला आठवते ते आधी कागदावर उतरवावे आणि मग भाऊ, बहीण, शेजारी यांना एकेकटे गाठून विचारावे. सर्वांना एकत्र बसवू नये. बसवल्यास चहा येईपर्यंत एकमत होते आणि ते हमखास चुकीचे असते. अँटेना फिरवायला गच्चीवर पाठवल्या जाणाऱ्या धाकट्या भावाची साक्ष ग्राह्य धरू नये. त्याने मालिका पाहिलेलीच नसते, खालून येणारे ‘आलं… आलं… गेलं!’ एवढेच ऐकलेले असते. ज्यांच्या घरी टीव्ही होता आणि ज्यांच्या घरी नव्हता, अशा दोन साक्षीदारांच्या सांगण्यात फरक पडला तर दुसऱ्याचे खरे मानावे. तो दाराशी उभा राहून मन लावून पाहत असे. घरमालकांचे लक्ष बाहेर किती चपला जमल्या याकडे असे.

जबाब तारखांशी ताडून पाहावेत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. त्याआधीची मालिका रंगीत होती असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यांच्या टीव्हीच्या काचेवर निळसर प्लास्टिकचा पडदा बसवलेला होता का, हे विचारावे. बहुधा होता. शनिवारी संध्याकाळी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट लागत असल्यामुळे शोधकाला सगळ्याच गोष्टी या दोन दिवशी घडल्यासारख्या वाटतात, हेही ध्यानात ठेवावे.

यानंतरचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येत नाही: ही मालिका होती का? पुष्कळ प्रकरणांत असे निघते की गाणी ‘छायागीत’मधली आहेत, नटीची मुलाखत तबस्सुम यांच्या ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मधली आहे आणि तो धीरगंभीर आवाज फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटाचा, म्हणजे टीव्हीवरचा नव्हेच, थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सक्तीने दाखवल्या जाणाऱ्या रिळाचा आहे. तिन्हींचे संकलन शोधकाच्या मनाने परस्पर केलेले असते, आणि संकलन म्हणून ते पुष्कळदा मूळ कार्यक्रमांहून सरस असते. अशा शोधकाला सत्य सांगण्याची घाई करू नये. तो नाही तरी ऐकणार नाही.

मालिका खरोखर होती असे ठरल्यास परदेशी शक्यताही तपासाव्यात, कारण काकांनी विलायतेहून आणलेली कॅसेट आणि मुंबई केंद्राचा कार्यक्रम यांची आठवणीत गल्लत होते. केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांची ‘हॉलिवूड’ ही मूकपटांवरची तेरा भागांची मालिका ब्रिटनच्या थेम्स टेलिव्हिजनने १९८० मध्ये दाखवली. निवेदन जेम्स मेसन यांचे होते. हिंदी सिनेमावर नसरीन मुन्नी कबीर यांनी १९८०च्या दशकात चॅनल फोरसाठी ‘मूव्ही महल’ केली, तिचे चाळीसहून अधिक भाग झाले. हिंदी सिनेमाविषयी इतकी तपशीलवार मालिका आपल्याकडच्या प्रेक्षकांआधी लंडन-लेस्टरच्या प्रेक्षकांना पाहायला मिळावी, यावर शोधकाने हळहळून घ्यावे. पण पुढचे काम पडलेले आहे.

कागदोपत्री पुराव्यासाठी सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, गाठावे. ही संस्था १८४० सालची असल्याने पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट विचारणारा माणूस तिथे नवखा ठरतो. जुन्या दैनिकांचे बांधीव अंक मागावेत आणि ‘आजचे दूरदर्शन’ हा चौकोन शोधावा. ज्या दिवशी मालिका लागली असे शोधकाला पक्के ठाऊक असते, त्या दिवशी चौकोनात ‘८.०० माहितीपट’ एवढेच छापलेले आढळेल. नाव छापायला जागा नसे. शेजारी सुपारीच्या जाहिरातीला मात्र असे. त्यापेक्षा ‘रसरंग’चे अंक चाळणे फलदायी. ‘गावकरी’ समूहाचे हे सिनेमा साप्ताहिक नाशिकचेच, इसाक मुजावरांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले, आणि त्यातला वाचकांचा पत्रव्यवहार म्हणजे अन्य शोधकांचे तारुण्य. मालिकेचा उल्लेख सापडो न सापडो, दुपार कशी गेली ते कळत नाही.

आता कार्यालये. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, आणि नाशिकहून तिथे जाणारा प्रत्येक शोधक एकच गोष्ट विसरतो: ते चित्रपटांचे संग्रहालय आहे. टीव्हीच्या टेपा हा दूरदर्शनचा प्रांत. तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जावे. वरळीला दूरदर्शन केंद्र आहे आणि पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनच्या आवारात २०१९ पासून भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय. पहिल्या ठिकाणी दुसरीकडे विचारायला सांगतात, दुसऱ्या ठिकाणी पुण्याला. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्यामुळे वरळी सोडल्यास हा फेरा आता एकाच संस्थेच्या अंतर्गत पूर्ण करता येतो, ही मोठी सोय झाली.

तोंडी उत्तरांनी समाधान न झाल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. दूरदर्शन चालवणारी प्रसारभारती हे सार्वजनिक प्राधिकरण असल्याने दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. मालिकेची धून या कलमात बसवण्याचा मोह शोधकाने आवरावा. अर्जात ‘ती चष्मेवाल्या निवेदकाची मालिका’ असे लिहून भागत नाही. कायदा अभिलेखात असलेली माहिती देतो, आणि चष्म्याची नोंद अभिलेखात नसते. उत्तर ‘सदर कार्यक्रम अभिलेखात उपलब्ध नाही’ असे आले तर ते जपून ठेवावे. ही मालिकेविषयीची पहिली अधिकृत नोंद असते.

उपलब्ध नसण्याचे कारण साधे आहे. व्हिडिओ टेप महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती, म्हणून ती पुसली गेली. हे केवळ आपल्याकडेच घडले असे समजून कष्टी होऊ नये. बीबीसीने साठच्या-सत्तरच्या दशकांत ‘डॉक्टर हू’चे डझनावारी भाग असेच घालवले. त्यांतले नऊ भाग २०१३ मध्ये परत मिळाल्याचे जाहीर झाले, तेही नायजेरियातील जोस या गावच्या टीव्ही केंद्राच्या सामानाच्या खोलीतून. परदेशी केंद्रांनी दाखवून झालेली रिळे परत पाठवावीत किंवा नष्ट करावीत असा दंडक होता. जोसमध्ये दोन्हींपैकी काही झाले नाही, म्हणून भाग वाचले. शोधशास्त्राचा पाया इथे आहे: जिथे व्यवस्था चोख होती तिथे काही मिळत नाही. नीटनेटक्या माणसांच्या घरी वेळ दवडू नये.

प्रायोजित मालिकांचे प्रकरण थोडे वेगळे. १९८४ च्या ‘हम लोग’नंतर खासगी निर्मात्यांचे दिवस आले, त्यामुळे अशा मालिकेची मूळ प्रत निर्मात्याकडे असण्याची शक्यता असते. निर्माता हयात नसल्यास वारसांना गाठावे. वारस दोन असतात. प्रत एकाकडे आणि हक्क दुसऱ्याकडे असतात, आणि दोघे बोलत नाहीत. हक्कांचा गुंता विलायतेतही सुटत नाही: ‘हॉलिवूड’मध्ये जुन्या चित्रपटांचे इतके तुकडे वापरले आहेत की त्या सर्वांच्या परवानग्यांपायी तिची डीव्हीडी अडून बसली.

नाशिकच्या शोधकाला या विषयात एक वडिलोपार्जित अधिकार आहे. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ची कमाई आणि बिऱ्हाड घेऊन १९१३ मध्येच नाशिकला आले आणि १९१७ मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक लघुपट काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. सिनेमावरचा माहितीपट हा प्रकारच गोदाकाठी जन्मला, असा दावा यावरून करता येईल, आणि नाशिककर तो करतीलच. फाळक्यांच्या कामाचे पुढे काय झाले ते मात्र शोधकाने नीट अभ्यासावे. पुण्याच्या संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी कुटुंबीयांकडे उरलेले तुकडे मिळवून १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बऱ्याच अंशी उभा केला. आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची म्हणून जी रिळे जतन झाली आहेत ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची आहेत, असे अनेक अभ्यासक मानतात. देशाच्या पहिल्या चित्रपटाबाबत असे होऊ शकते, तर माळ्यावरच्या कॅसेटवर लिहिलेल्या नावावर किती विसंबावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कारण अखेर माळ्यावरच यावे लागते. जुन्या नाशकात वाड्याचा माळा तपासण्याआधी पाणी कुठवर आले होते ते पाहावे. याचे माप रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार परिसरातल्या तळमजल्यावर जे होते ते गोदावरीने पाहून टाकले आहे. पोटमाळ्यावरचे वाचले असेल, पण बुरशीसह. शिवाय दर बारा वर्षांनी सिंहस्थाच्या पाहुण्यांसाठी घर आवरले जाते, आणि पूर जे करत नाही ते या आवराआवरीत होते.

कॅसेट हाती आल्यावर आधी तिच्या कडेची प्लास्टिकची छोटी टॅब पाहावी. टॅब तुटलेली असेल तर कोणीतरी ही कॅसेट जपायचे ठरवले होते. त्याशिवाय ती तोडत नसत, कारण तुटल्यावर यंत्र तिच्यावर काही मुद्रित करत नाही. तुटलेल्या जागी सेलोटेप चिकटवलेला असेल तर पुढे घरात दुसऱ्या कोणाचे तरी चालले. लेबलावर मालिकेचे नाव खोडून ‘रामायण’ आणि तेही खोडून ‘धाकट्याची मुंज’ असे लिहिलेले असते. इथे निराश होऊन कॅसेट टाकू नये. ती तीन तासांची असते आणि मुंज क्वचितच तेवढी चालते. भिक्षावळ संपते, पडद्यावर मुंग्या येतात, आणि मुंग्या संपल्यावर आधीच्या मुद्रणाची शेपटी लागते. मराठी घरांत सापडलेला दूरदर्शनचा ठेवा पुष्कळदा असा मुंजीच्या आणि डोहाळजेवणाच्या मागे उभा असतो. जेवणाच्या पंगतीचे चित्रण पुढे ढकलू नये. यजमान शेजारी बसलेले असतात आणि पंगतीत कोण कोण आहे ते सांगणे हा त्यांचा मोबदला असतो. शोधकाने जाताना कोंडाजीचा चिवडा न्यावा.

घरांमध्ये काम न भागल्यास बाजार. गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार पिढ्यानपिढ्या भरतो आणि तिथे कॅसेट मिळाली तर तिचे कव्हर मिळत नाही, कव्हर मिळाले तर आत भजने असतात. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. तेव्हापासून मालिकेच्या आधी भंगार बाजार शोधावा लागतो. व्हिडिओ लायब्ररीचे मालक आता मोबाइलची कव्हरे विकतात आणि उरलेल्या कॅसेटांविषयी विचारल्यावर आधी थकलेल्या भाड्याची चौकशी करतात. सर्वांत उपेक्षित साधन म्हणजे नव्वदच्या दशकातला केबलवाला. दुपारी आणि रात्री लावायला त्याला काही ना काही लागत असे, आणि कॅसेट कोणाची हे त्याने कधी विचारले नाही.

शेवटी यंत्र. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या अखेरच्या जपानी कंपनीने उत्पादन २०१६ मध्ये थांबवले, त्यामुळे चालू यंत्र असलेल्या माणसाशी शोधकाने आधीपासून सलोखा ठेवावा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती लावू नये; बुरशी यंत्राच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. ब्रिटनहून आलेली कॅसेट इथे चालते, कारण दोन्हीकडे पाल पद्धत. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेली एनटीएससी कॅसेट साध्या यंत्रात लोळणारे करडे चित्र दाखवते, आणि भाचा ते पोस्टाच्या खात्यावर ढकलतो. पहिल्यांदा लावतानाच संगणकाशी जोडून प्रत काढावी. जुनी टेप पुन्हा चालेलच याची खात्री नसते, आणि ‘आधी नुसते बघू’ म्हणणाऱ्यांना तीच एक संधी मिळालेली असते.

सापडलेल्या भागाचे काय करावे, याचे उत्तर कायद्यात आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रफितीचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे १९८६ ची मालिका असेल तर २०४६ अखेरपर्यंत ती परवानगीविना जाहीरपणे दाखवता येणार नाही. प्रत मूळ संस्थेला देऊ करावी, पोच घ्यावी आणि पोच माळ्यावर ठेवावी. घरच्यांना दाखवण्यास हरकत नाही. ते धून संपायच्या आत उठून जातात, त्याला कायद्यात उपाय नाही.