शून्य टक्केवाले भाऊ

अमेरिकेत केंद्राचा आयकर भरून सुटका होत नाही. बहुतेक राज्यं आपला वेगळा घेतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. ही सोय न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या भाऊंसाठीच केलेली असावी. बाकीच्यांना माणसं नावागावानं आठवतात, भाऊंना टक्क्यांनी. कुणाची मुलगी डॅलसला दिली, की "टेक्सास, शून्य! स्थळ उत्तम." कुणाचा मुलगा कॅलिफोर्नियात नोकरीला लागला, की चेहरा पाडून, "वरचा दर 13.3. जपून राहा म्हणावं." तो दर दहा लाख डॉलरच्या वरच्या कमाईला, पोरगं अजून तिघांत खोली घेऊन राहतंय.

परवा गणपतीत मोदकांच्या रांगेत एक अविवाहित पोरगा सहज बोलून गेला, "भाऊ, पगारवाढ नकोच वाटते. वरच्या ब्रॅकेटमध्ये जाईन." झालं! भाऊंनी त्याच्याच हातातली कागदी प्लेट उलटी केली आणि खिशातलं पेन काढलं. "हे बघ, जर्सीत पहिल्या 20 हजारांवर 1.4 टक्के. ते तसंच राहतं, तू कितीही कमव. असं चढत चढत 75 हजारांपर्यंत 5.525, पुढे 6.37. वजावटी जाऊन तू 76 हजारांवर गेलास, तर नवा दर फक्त वरच्या हजाराला. 63 डॉलर 70 सेंट. जुन्या दरानं 55.25 गेलेच असते. फरक साडेआठ डॉलरसुद्धा नाही, आणि त्यापायी हजार सोडतोस?"

गणित चोख होतं, हे मान्यच करायला हवं. चांगले शिकलेसवरलेले लोक इथे गोते खातात. पोराला बढती पटली. मोदक मात्र त्याला हातावर घ्यावे लागले.

एप्रिल आला की भाऊ सहकुटुंब डेलावेअर नदी ओलांडतात. वहीत. पलीकडे पेन्सिल्व्हेनियात गरीब-श्रीमंत सगळ्यांना सरसकट 3.07. घरं बघून होतात, शाळाही बघून होतात (मुलं कधीच नोकरीला लागलीत). वहिनी भाजी निवडता निवडता म्हणतात, "अहो, तिथे गावाचा वेगळा कर असतो. आणि निवृत्तीसाठी फोर-ओ-वन-केत टाकलेल्या पैशावरही राज्य कर घेतं. तुम्हीच सांगितलं होतंत."

"मग टेक्सास."

"तुमचं ऑफिस मॅनहॅटनला आहे."

इथे भाऊंचा आवाज बसतो. कारण न्यूयॉर्कचा नियम असा, की ऑफिस तिथलं असेल आणि तुम्ही आपल्या सोयीनं घरून काम करत असाल, तर ते दिवसही न्यूयॉर्कचेच. मग घर एडिसनला असो की ऑस्टिनला. न्यूयॉर्कला भरलेला कर जर्सी आपल्या करातून वळता करते, त्यामुळे ज्या जर्सीचे दर भाऊंना तोंडपाठ, तिच्या पदरात त्यांच्या पगारातलं फारसं काही पडतच नाही.

"निवृत्त होऊ दे," भाऊ वही मिटत म्हणाले, "पेन्शनला पेन्सिल्व्हेनिया हात लावत नाही." आणि बेसमेंटमध्ये न्यूयॉर्कच्या मीटिंगला बसायला गेले.