साकु!

बन्नूरला काकांकडे गेलं की टॉर्चला हात लावायचा नाही. घरात मराठी, गल्लीत कन्नड. पण काकांच्या मराठीत एक कन्नड शब्द कायमचा मुक्कामाला आलाय: ‘साकु’. म्हणजे पुरे. काकू म्हणतात, तो सेलमुळे आला.

काकांकडे पुन्हा चार्ज होणारे अल्कलाइन सेल आहेत, 1993 साली अमेरिकेत रेयोव्हॅकने काढले तसले. “सेल मरतो तो माणसाच्या हावरटपणानं,” इथून काका सुरू होतात. वापरताना जस्त पोटॅशच्या द्रावात विरघळतं, चार्ज करताना परत बसतं, पण जुन्या जागी नाही. जत्रेहून परतलेली पोरं घरी न जाता एकाच ओट्यावर गर्दी करतात, तसं. कुठे ढीग, कुठे काटे. एखादा काटा मधला पडदा भोसकून पलीकडे गेला की आतल्या आत शॉर्ट. शिवाय सेल पार निचरला, तर दुसऱ्या बाजूच्या मँगनीज डायऑक्साइडला मागे फिरायची वाटच उरत नाही. म्हणून खोल वापरला तर काही डझन चार्जांत म्हातारा, वरवर वापरला तर शेकडो. “एडिसननं 1901 मध्ये निकेल-जस्ताच्या सेलचं पेटंट घेतलं. जस्तानं त्यालाही दाद दिली नाही!” हे सांगताना चेहरा असा, की एडिसनच्या घरी समाचाराला जाऊन आलेत.

काकू रिमोटचे साधे सेल सांडग्यांशेजारी उन्हात ठेवतात. काका गच्चीवर जात नाहीत.

स्वतःलाही काका कधी पार निचरू देत नाहीत. दोन इडल्या झाल्या की ‘साकु’, दीड तासाने पुन्हा दोन. काकूंच्या मोजणीत दिवसाला चौदा. सकाळी कावेरीकडे फिरायला निघतात आणि दमायच्या आत परततात. नदी अजून दिसलेली नाही.

परवा रात्री दिवे गेले होते. काका मला बसस्टँडपर्यंत सोडायला निघाले. टॉर्च लागला, वळण आलं, “साकु!” टॉर्च बंद. पुढच्या पावलाला काहीतरी ऊबदार, केसाळ, बुटकं लागलं. बन्नूरची मेंढी! आखूड पायांची, मागून पाहिली तर उलटा यू. गावाचं नाव हिनेच लांबवर नेलं. मी ओरडलो, ती ओरडली, आणि मी रस्त्यावर बसलो.

“काका, टॉर्च लावा!”

“सव्वा व्होल्ट शिल्लक आहे रे,” अंधारातून तृप्त आवाज आला.